डोंगराची मागची बाजू

दादूस खांबाला कान लावायचा.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधे अंग चोरून उभा राहायचा, आणि वैद्याने रोग्याच्या छातीला लावावा तसा सिमेंटच्या खांबाला कान लावून डोळे मिटायचा. अंग चोरून म्हणतोय खरा, पण ते अंग चोरता येण्यासारखं नव्हतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात बैल बांधता येईल अशी सोन्याची साखळी आणि पायात प्लास्टिकच्या चपला. नव्याने राहायला आलेले लोक बिचकायचे. जुने त्यांना समजवायचे, "काही नाही हो, जमीनमालक आहेत. मानपाड्याची ही सगळी भातशेती त्यांचीच होती." जणू भातशेती विकली की माणसाने खांबाला कान लावणं ओघानेच आलं.

मी एकदा धीर करून विचारलं, "काय ऐकू येतं तुम्हाला?"

त्याने आधी मान वळवून मागे बघितलं. मग माझ्याकडे. "तुमाला कोनाला बोलतंस? माजे मागं कोन उभा हाय कं?"

अहो-जाहो केलं की दादूस नेहमी असा मागे बघायचा. त्या दिवसापासून मी त्याला 'अरे दादूस' म्हणू लागलो. वयाने तो माझ्या वडिलांच्या जवळचा, पण त्याच्या घरात लहानथोर सगळेच त्याला तसं म्हणायचे.

"बरं, तुला काय ऐकू येतं?"

"कुरकुरतंय."

"पाण्याचा पाइप असेल."

"असंल," तो म्हणाला, आणि बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं त्याने खांबाला थोपटलं. त्याची आगरी बोली मला कानाने कळते, हाताने धड लिहिता येत नाही. तेव्हा चुका असतील त्या माझ्या.

आमची खरी ओळख झाली ती जिन्यात. चाळिशी उलटल्यावर माणसाला एक तर गुडघा आठवतो, नाही तर हिमालय. मला दोन्ही एकदम आठवले. मे महिन्यात उत्तराखंडातलं एक बेताचं शिखर चढायला मी नाव दिलं. तिकडून निरोप आला की हिवाळाभर पाठीवर वजन घेऊन चढाचा सराव करा. आता डोंबिवलीत चढ कुठून आणायचा? मी जिना धरला. नव्या कोऱ्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या आणि मुलीची जुनी पाठ्यपुस्तकं भरली आणि वजन कमी वाटलं म्हणून वरून घरातला वरवंटा खोचला. पहिल्या फेरीला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "घर बदलताय का?" दुसऱ्या फेरीला, "अजून?" तिसऱ्या फेरीला वॉचमनने सॅक उघडायला लावली. वरवंटा निघाल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

त्या वेळी दादूस पहिल्या पायरीशी उभा होता.

"कं रं बाला, बायकोनं हाकललान कं?"

"सराव करतोय रे. मे महिन्यात हिमालयात डोंगर चढायचाय."

"मंग वर गेलास तं खाली कशाला आलास?"

"पुन्हा वर जायला."

यावर त्याने बराच विचार केला. मग भिंतीला तळवा लावून म्हणाला, "तसा यो बी डोंगरच हाय म्हना. आमचे गावचा. फोरला, त्याची खडी केली, तुमची बिल्डिंग झाली. तू त्याचे पोटातून चढतंस." तळवा तसाच ठेवून पुढे म्हणाला, "त्याला बिचाऱ्याला कलत बी नाय, कोन चढतंय."

पुढच्या रविवारी सकाळी तो मला जीपमधून उरलेल्या डोंगरावर घेऊन गेला. कारखाने संपतात तिथे, गवताने भरलेला, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असा डोंगर. थंडी होती आणि हवेत रसायनांचा तो आमचा ओळखीचा वास. दादूसने जीपमधून खडीची दोन पोती काढली. बांधकाम संपलं की कडेला जी खडी उरते, ती तो भरून आणायचा. एक पोतं माझ्या सॅकमध्ये ओतलं, दुसरं त्याने स्वतःच्या खांद्यावर टाकलं. माझे बूट परदेशी बनावटीचे आणि एक नंबर लहान. त्याच्या पायात त्याच चपला. चटक फटक, चटक फटक, असा तो माझ्या मागून चढत आला. पुढे कधीच जायचा नाही. "तू चल. मी मागं हाय."

माथा आला म्हणून मी विजयी वीरासारखं शेवटचं पाऊल टाकलं, आणखी एक टाकणार, तर त्याने मागून सॅकचा पट्टा धरला.

"बास. इथनं पुढं डोंगर नाय."

खरंच नव्हता. अर्ध्यातून मोडलेल्या भाकरीसारखा तो डोंगर तिथे संपत होता. समोर सरळ तुटलेला कडा, आणि खाली खोल खाणीत साचलेलं हिरवं पाणी. खाण बंद होऊन कैक वर्षं झाली होती. रस्त्यावरून हे काहीच दिसत नाही. पुढून डोंगर, मागून खड्डा.

दादूस कड्याशी गेला, तोंडाशी हात धरले आणि खाली ओरडला, "बार हाऽऽय! बार हाऽऽय! बार हाऽऽय!" सुरुंग उडवण्याआधी खाणीवर अशी हाळी द्यायचे, एवढं मला माहीत होतं. खाली तर चिटपाखरू नव्हतं. तरी तो थांबला. सगळे बाजूला होईपर्यंत थांबावं, तेवढा थांबला. मग पोतं उपडं केलं आणि कड्याकडे पाठ करून, मान खाली घालून ऐकत राहिला. खडी कड्यावर आपटत, घरंगळत गेली. आवाज लहान होत होत गेला, आणि शेवटी पाण्यात काही पडल्याचा बारीक आवाज आला.

"पोचलं," दादूस म्हणाला.

मला हे सगळं फारच शास्त्रशुद्ध वाटलं. पट्टीचे गिर्यारोहकही सरावाला वजन वर नेतात आणि माथ्यावर टाकून देतात, उतरताना गुडघे वाचतात, असं मी वाचलं होतं. मी त्याला तसं सांगून शाबासकी दिली. त्याने ती ऐकून घेतली. एवढंच म्हणाला, "डोंगराचा दगर डोंगराला." दगर म्हणजे दगड.

माझ्या अंगात मूळचीच एक लबाडी आहे. तिसऱ्या-चौथ्या रविवारी, दादूस खालच्या वळणावर थांबलेला बघून, मी करवंदीच्या जाळीमागे निम्मी खडी ओतली आणि तिच्या जागी घरून लपवून आणलेली चादर कोंबली. सॅक दिसायला तशीच फुगीर, मी मात्र हरणासारखा. माथ्यावर दादूसने तीनदा हाळी दिली, मी ओतलं, तो पाठ करून ऐकू लागला.

"तुजी लवकर संपली," तो म्हणाला.

उतरताना तो बरोबर त्या जाळीशी थांबला. मोठं अंग घेऊन गुडघ्यावर बसला आणि काट्यांतून हात घालून ती खडी वेचू लागला. पांढऱ्या शर्टाची ओटी केली, तिच्यात एकेक खडा. हाताला ओरखडे येत होते. मला हसू येत होतं, लाजही वाटत होती, आणि थोडी भीतीही. कारण तो खडे बघत नव्हता, चाचपत होता, अंधारात पोरांचे चेहरे चाचपावेत तसा.

"राहू दे ना दादूस. एवढीशी तर खडी."

"आदी बी असंच बोलले सगले," तो मान वर न करता म्हणाला. "एवरासा तं दगर. नेऊ दे."

मग ती ओटी सांभाळत तो पुन्हा वर गेला. मी मुकाट मागे. पहिल्यांदाच मी त्याच्या मागून चालत होतो.

चढताना मधेच थांबायची त्याला सवय होती. थांबायचा, एखाद्या मोठ्या शिळेला कान लावायचा, डोळे मिटायचा. मला वाटायचं, डोंगराचं ऐकतोय. मी आदराने थांबून राहायचो आणि त्या निमित्ताने माझाही दम खाऊन घ्यायचो. तो डोंगराचं नव्हे, स्वतःच्या छातीचं ऐकत होता, हे मला फार पुढे कळलं.

संक्रांतीच्या सुमारास एकदा माथ्यावर बसलो होतो, कड्याकडे पाठ करून. कड्याकडे तोंड करून तो कधी बसला नाही. त्याच्या बायकोने, वहिनींनी, दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी त्याने पुढ्यात मांडली होती. खाता खाता आपणहून बोलायला लागला.

"माजे बापानं दिला यो डोंगर खानवाल्यांना. लोक त्यालाच बोलतेत. पन झेंडा माजे हातान व्हता. लाल झेंडा. जवान पोर व्हतो, मना लई भारी वाटायचं. मी तीन डाव वरडायचो, बार हाय. लोक लांब जायचे. मंग झेंडा खाली केला, कं डोंगर खाली."

मी भाकरी मोडायची थांबलो.

"माथ्यावर आईचं ठान व्हतं. आमची गावदेवी. शेंदराचा दगर, बाकी कायी नाय. त्याचे आदी तिला वाजत गाजत खाली नेली, मारबलचे देवलान. भटजी बोलला, आली. सगले बोलले, आली." त्याने चटणीचं बोट चाटलं. "मंग माथ्याला बार भरला. मीच वरडलो. तीन डाव वरडलो. सगले बाजूला झाले. ती नाय झाली."

"तुला कसं कळलं?"

"कानान कललं," तो म्हणाला. खाली कुठल्या तरी कारखान्याचा भोंगा झाला. नेहमीची माझी सवय म्हणजे अशा वेळी काहीतरी विनोद करायचा. त्या दिवशी मी नुसती उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

जीपशी पोचल्यावर त्याने विचारलं, "तुजे हिमालयान असा डोंगर हाय कं, मागून बी डोंगर असंल?"

"म्हणजे काय! सगळेच असतात."

"तू बगलंस?"

"नाही अजून."

"मी बी आमचा पुढूनच बगायचो," दादूस म्हणाला. "माजं बी नाव दे."

त्याने ते गमतीत म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून तो रविवारची वाट बघत नसे. आठवड्यात कधीही जीप घेऊन जायचा. वहिनी माझ्या बायकोला, मेधाला, वाण्याकडे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचे मालकानी आमचे म्हाताऱ्याला कंचं खूल लावलान? झोपेत बी इचारतो, मागं हाय कं, मागं हाय कं." मेधाने घरी येऊन ते मला जसंच्या तसं ऐकवलं आणि वर विचारलं, "तू त्याला नक्की काय सांगितलंयस?" मी म्हटलं, मी काहीच सांगितलेलं नाही, मी फक्त वरवंटा घेऊन जिना चढत होतो.

नाव द्यायला डॉक्टरचा दाखला लागतो. कल्याणच्या डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेलो. शर्ट काढून, साखळी पाठीवर टाकून, दादूस शहाण्या मुलासारखा बसला. डॉक्टरांनी नळी छातीला लावली, हलवली, पुन्हा लावली. फार वेळ ऐकलं.

"कुरकुरतंय कं?" दादूसने विचारलं.

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. "काका, हिमालय सोडा. घरचा जिना पण जपून चढा."

दादूस माझ्याकडे वळला, जणू डॉक्टरांचं बोलणं मी मराठीत सांगावं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घरी पोचल्यावर त्याच्या थोरल्या मुलाने मला बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात सांगितलं, "साहेब, तुमचा मान ठेवतो. पन बाबांना आता डोंगराचं नाव काढू दिलं ना, तर बघा." मी मान डोलावली. तेवढ्यात आतून दादूसने हाक मारली.

"तू जा," तो म्हणाला. "वर पोचलास कं मागं वाकून बग. हाय कं नाय, मना येऊन सांग. फोटो नको. फोटो सगले पुढूनच काढतेत."

मे महिन्यात मी ते शिखर चढलो. चढलो म्हणजे, वाटाड्याने मला दोराला बांधून वर नेलं. खडीच्या पोत्याला आणि मला नेण्यात त्याला फारसा फरक जाणवला नसावा. माथा आमच्या स्वयंपाकघराएवढा. बाकीचे एकमेकांना मिठ्या मारत होते, झेंडे काढत होते. मी पालथा पडलो आणि बर्फावरून सरपटत मागच्या कडेशी गेलो. वाटाड्या दोर ताणून ओरडत होता. शिखरावरचा माझा एकुलता एक फोटो आहे तो त्या क्षणाचा, आणि त्यात माझी जी बाजू आली आहे ती दिवाणखान्यात लावण्यासारखी नाही.

मी मान बाहेर काढून खाली वाकलो. मागे ढग होता. पांढरा, दाट, कडेला येऊन टेकलेला. खाली उतार होता, कडा होता, की काहीच नव्हतं, दिसेना. मी थांबलो. वाटाड्याने थांबू दिलं तेवढं थांबलो, मग त्याने दोर ओढायला सुरुवात केल्यावरही थांबलो. ढग हलला नाही.

परतीच्या प्रवासात मी वाक्य घोकत आलो: होता रे दादूस, मागूनही डोंगर होता, पुढच्याहून मोठा. घरी आल्यावर मेधालाही ते पटलं. "सांग की. नाही तरी डोंगराला मागची बाजू असणारच. खोटं थोडंच आहे?"

तो ओटीवर खुर्चीत बसला होता. साखळी आता गळ्यात सैल लोंबत होती. मी समोर बसलो. पाणी आलं. ते मी प्यायलो. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि माझ्या तोंडून घोकलेलं वाक्य काही निघेना. लबाडीत मी आयुष्यभर पास झालेला माणूस. तिथे नापास झालो.

"ढग होता, दादूस. काही दिसलं नाही."

वहिनींनी दारातून माझ्याकडे असं बघितलं, की आता हा माणूस उठला तर बरं.

दादूसने विचारलं, "मागं कायी नाय, असं तं नाय ना दिसलं?"

"नाही. तसंही दिसलं नाही."

"खड्डा?"

"नाही रे. नुसता ढग."

त्याने मान मागे टेकवली आणि फार दिवसांनी हसला. "मंग बरं हाय. ढग हाय तवर डोंगर हाय."

नवरात्राच्या आधी तो गेला. त्याला न्यायला निघाले ते आमच्या इमारतीवरूनच गेले. मी पार्किंगमध्ये उभा होतो. त्या खांबाला कान लावावा असं फार वाटलं, पण शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून उभे होते. मी खांबाला नुसती पाठ टेकवली, तर आत काहीतरी कुरकुरल्यासारखं पाठीला जाणवलं. पाइपच असणार. पण पाइप पाठीला ऐकू येत नाहीत.

थंडी पडली तसा मी सॅक काढली. मेधा म्हणाली, "आता कुठला हिमालय?" मी म्हटलं, "सराव सोडू नये." दादूसच्या मुलाने एका शब्दाने न विचारता खडीचं पोतं माझ्या स्कूटरवर ठेवलं. बूट अजूनही तेच, एक नंबर लहान. पहिल्या वळणावर मागून चटक फटक, चटक फटक ऐकू आलं. मी वळून बघितलं, वाट रिकामी. माझ्याच सॅकचा सुटा पट्टा हलत होता. मी तो घट्ट बांधला आणि पुढे निघालो. पुढच्या वळणावर पुन्हा आलं. या वेळी बघितलं नाही. तू चल, मी मागं हाय, असं ज्याने कबूल केलंय त्याला उगाच कशाला तपासायचं?

आता दर रविवारी जातो. करवंदीच्या जाळीशी थांबतो. काही ओतायला नाही, नुसता. माथ्यावर तीनदा ओरडतो. पहिल्यांदा लाज वाटायची, आता वाटत नाही. खाली कुणी असेल तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून थांबतो, आणि मग ओततो. दर वेळी आवाज लहान होत जातो, पाणी वाजतं, आणि मी दादूससारखं म्हणतो, "पोचलं." डोंगर काही भरत नाही. भरायचा नाही. खाण केवढी आणि माझी सॅक केवढी.

पण जानेवारीतल्या एका सकाळी धुकं असं पडलं होतं की स्कूटर चालवताना पुढचं चाक दिसेना. माथ्यावर पोचलो आणि कड्याशी थबकलो. खाण दिसत नव्हती. काठोकाठ धुकं भरलं होतं, पांढरं, दाट, कडेला येऊन टेकलेलं. माथ्यावरून सरळ पुढे चालत जावं असं. जन्मात पहिल्यांदा मी तो डोंगर पुरा बघत होतो, पुढून होता तसाच मागूनही.

मी तीनदा ओरडलो. थांबलो. नेहमीपेक्षा जास्त थांबलो, या वेळी कुणीतरी बाजूला होईल असं वाटलं म्हणून. मग सॅक उपडी केली आणि कड्याकडे पाठ केली.

आवाज आला नाही.

आपटल्याचा नाही, घरंगळल्याचा नाही, पाण्याचा तर नाहीच. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. खडी खाली गेलीच नव्हती जणू. जिथे पडली तिथेच बसली होती.

"पोचलं," कुणीतरी म्हणालं. मीच असेन.

ऊन वर यायच्या आत मी उतरायला लागलो. मागे वळून बघितलं नाही. ढग आहे तोवर डोंगर आहे.